आईचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय. घरी टाक्यांची काळजी कशी घ्यायची? (बजेट ५००)

कृष्णाकाठ
आई वय ६३, शुगरच्या गोळ्या चालू. मंगळवारी सकाळी पित्ताशय काढलं, काल संध्याकाळी विट्याला घरी आणलं. पोटावर चार छेद आहेत. एक बेंबीत, एक छातीच्या हाडाखाली, दोन उजवीकडे अगदी बारीक. डॉक्टर "कोरडं ठेवा, सात दिवसांनी दाखवा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटकडे वळले. दोन पट्ट्या गाडीतच निघाल्या.
ड्रेसिंगसाठी घरी काय आणून ठेवू? अंघोळीचं काय करू? अंघोळ केल्याशिवाय आई देवाला हात लावत नाही आणि दुसऱ्याने केलेली पूजा तिला पटत नाही. शिवाय परकराची नाडी बरोबर बेंबीवर येते. ५०० च्या आत सांगा, आधीच बराच खर्च झालाय.

ह्यूस्टनची_सून
सासूबाईंच्या वेळी आम्ही पारदर्शक वॉटरप्रूफ ड्रेसिंगचा अख्खा बॉक्स मागवला होता, तुमच्याकडचे तीन-साडेतीन हजार धरा. सोबत बटणावर वर-खाली होणारी रिक्लायनर खुर्ची. उठताना पोटावर अजिबात ताण येत नाही. तब्येतीच्या बाबतीत काटकसर नको, एवढंच सांगेन.

जुनाजाणता
माझं पित्ताशय १९८६ साली काढलं. तेव्हा दुर्बीण-बिर्बीण नव्हती, बरगडीखाली वीतभर काप. बारा दिवस दवाखान्यात. खडे ४७ निघाले, अजून काचेच्या बाटलीत शोकेसमध्ये आहेत. टाके निघेपर्यंत अंगाला पाणी नाही, आणि जखमेवर हळद-तूप. आज ७८ चालू आहे, रोज चार किलोमीटर चालतो.

ओट्यावरची
हळद नको हो काका! माझ्या जावेने लावली. आधी पिवळं झालं, मग लाल. लाली आहे की हळद, हे खुद्द डॉक्टरांनाही धुतल्याशिवाय कळेना.
माझं स्वतःचं सांगते. चिकटपट्टीखाली चौकोनी लाल चट्टा उठला, वेड्यासारखी खाज. मी म्हटलं जखम पिकली. नंतर कळलं की ॲलर्जी जखमेला नव्हती, चिकटपट्टीची होती. जखम आडवी इवलीशी आणि चट्टा मात्र पट्टीच्या मापाचा, यावरून ओळखायचं. कागदी टेप आणा, रोल शंभराच्या आत येतो.

पगडी_आणि_चष्मा
अवांतर: जुनाजाणता, "तेव्हा दुर्बीण नव्हती" हे अर्धसत्य आहे. १९८५ मध्ये जर्मनीत डॉ. एरिक म्युहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं. भारतात ते १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहम्टन उडवाडियांनी केलं.

जुनाजाणता
मी मिरजेत होतो, जर्मनीत नव्हे.

मटकीची_उसळ
+१ ह्यूस्टनची_सून, वॉटरप्रूफच घ्या. आणि वांगं, बटाटा, आंबट सगळं बंद. वातूळ खाल्लं की टाका पिकतो.

नाईटड्यूटी
सर्जिकल वॉर्डात १४ वर्षं काढली आहेत. खरेदीच्या आधी एक सांगा: पट्टी निघाली तिथे काय दिसतंय? काळा किंवा निळा दोरा, कागदाच्या बारीक पट्ट्या, की नुसता चकचकीत पापुद्रा?

कृष्णाकाठ
चकचकीत पापुद्रा, सुकलेल्या फेव्हिकॉलसारखा. बायको म्हणाली स्पिरिटने काढू या, मी म्हटलं आधी धाग्यावर विचारतो.
आणि एक, घाई आहे. सकाळपासून आईचा उजवा खांदा दुखतोय. हार्टचं नसेल ना?

नाईटड्यूटी
बरं झालं विचारलंत. काढू नका! तो त्वचेचा गोंद आहे, त्यानेच जखमेच्या कडा धरून ठेवल्यात. पाच ते दहा दिवसांत आपोआप सुटतो. त्यावर मलम, तूप, खोबरेल काहीच नको, तेलकटपणाने तो लवकर सुटतो. आतले टाके बहुधा विरघळणारे असतील, डिस्चार्ज कार्डवर बघा.
खांदा: ऑपरेशनच्या वेळी पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. उरलेला वायू वर छाती आणि पोटामधल्या पडद्याला टोचतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं, घरातल्या घरात थोडं चालवा. पण छातीवर दाब, धाप, दरदरून घाम यातलं काही असेल तर इथे लिहीत बसू नका, थेट दवाखाना गाठा. शुगरच्या माणसाला हार्टचं दुखणं कधीकधी नीट कळतच नाही.
अंघोळ: गोंद असेल तर बहुतेक सर्जन ४८ तासांनी अंगावरून पाणी घेऊ देतात. तुमचे "कोरडं ठेवा" म्हणालेत, तेव्हा एक फोन करून "गोंद आहे, मगाने अंघोळ चालेल का" एवढं विचारा. चोळायचं नाही, साबण जखमेवर घासायचा नाही, मऊ पंचाने टिपायचं. बेंबीत पाणी साचतं, तिथे जास्त लक्ष द्या. चारांतली तीच छेदाची जागा जास्त वेळा चिघळते.

ओट्यावरची
मी हेच म्हणत होते, हळद नको.

मटकीची_उसळ
पण बटाट्याचं काय?

नाईटड्यूटी
बटाट्याने टाका पिकत नाही. शुगर वाढली की पिकू शकतो, म्हणून भाताबरोबर बटाटा जरा बेताने. डाळ, अंडं, दही-ताक पचेल तसं द्या, जखम भरायला प्रथिनं लागतात.

सातारी_कंदी
घाबरवायचं नाही, पण मेहुण्याची जखम छान भरली होती. महिन्याने बेंबीजवळ गाठ आली, पाणी येऊ लागलं. गावात तीनदा अँटिबायोटिकचे कोर्स झाले, फरक शून्य. शेवटी तपासणीत क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदातला कुठलासा जंतू निघाला. औषधं कित्येक महिने चालली.

नाईटड्यूटी
हो, असं होतं. तो जंतू बहुतेक वेळा नीट निर्जंतुक न झालेल्या हत्यारांतून किंवा पाण्यातून येतो, घरच्या काळजीशी संबंध कमीच. जखम भरल्यावर काही आठवड्यांनी तिथे गाठ किंवा स्राव दिसला, तर सर्जनकडेच जा आणि स्राव तपासायला सांगा.
आत्ताच्या आठवड्यात मात्र एवढं बघा. १०१ च्या वर ताप, पू, पसरत जाणारी लाली, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढणं, सतत उलट्या, डोळे पिवळे. सातव्या दिवसाची वाट बघायची नाही. रोज सकाळी खिडकीपाशी मोबाइलवर फोटो काढा, काल-आजचा फरक डोळ्यांपेक्षा फोटोत लवकर कळतो.
नाडीसाठी काही दिवस गाऊन घाला.

ह्यूस्टनची_सून
गाऊन बेस्ट. आणि खुर्चीचा विचार करा खरंच.

मटकीची_उसळ
पोटाचा बेल्ट घ्यायचा का? आमच्या शेजाऱ्यांनी घेतला होता.

ओट्यावरची
मुळीच नको, घामाने बेंबी ओली राहते.

नाईटड्यूटी
दुर्बिणीच्या ऑपरेशनला सहसा लागत नाही. खोकताना, शिंकताना, उठताना उशी पोटाशी धरली की पुरतं. पैसे वाचवा. पण जड उचलणं काही आठवडे बंद, छेदातून हर्निया होऊ शकतो. पाण्याची कळशी, गव्हाचा डबा, नातवंडं, सगळं त्यात आलं.

कृष्णाकाठ
सर्वांचे आभार. फोन केला, डॉक्टर हो म्हणाले. शनिवारी मगाने अंघोळ झाली, पूजाही झाली. खांदा थांबला. कापूस-टेप काहीच आणलं नाही, म्हणजे खर्च शून्य.
गाऊन आईने बाजूला सारला. "नातसुनेच्या वयाची दिसेन" म्हणे. परकर थेट छातीखाली बांधते, वरून बाबांचा जुना सदरा.
आणि हो, बेल्ट घेतला. १३५०. तुम्ही सगळे नको म्हणालात ते वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, बेल्ट बांधलेला दिसला की कुणी कुकर लाव म्हणत नाही. खाली जुन्या साडीचा मऊ तुकडा, सैल बांधतो आणि दुपारी काढून ठेवतो.

नाईटड्यूटी
सैल असेल तर चालेल. बेंबी तेवढी कोरडी आहे का बघत जा.

जुनाजाणता
खडे दिले का दवाखान्याने? किती निघाले?

कृष्णाकाठ
दिले काका. एकच, पण सुपारीएवढा.

जुनाजाणता
एकच? मग काही नाही.