फॅशन मर्चंडायझिंग शिकून रिटेलमध्ये जायचंय, बडोद्यात राहून काय करता येईल?

दांडियाबाजारकर:
भाची यंदा बारावी कॉमर्सला आहे. फॅशन मर्चंडायझिंग करून कपड्यांच्या मोठ्या चेनमध्ये बायर, म्हणजे दुकानांसाठी माल निवडून खरेदी करणारी, व्हायचं म्हणते. दोन-तीन खासगी संस्थांची माहितीपत्रकं आणली, सगळ्यांवर रॅम्पचे फोटो. शिकवतात काय ते कुठेच धड कळत नाही. पहिली पदवी बडोद्यातच व्हावी अशी घरच्यांची इच्छा आहे. कोर्स निवडताना काय बघायचं?

ताणाबाणा:
आधी कुठली मर्चंडायझर व्हायचंय ते ठरवू दे, कारण या एका शब्दात तीन नोकऱ्या आहेत. तिरुपूर-नोएडाच्या एक्स्पोर्ट हाउसमधली मर्चंडायझर परदेशी ऑर्डरच्या मागे असते: सॅम्पल, लॅब डिप (रंग पसंत करायला रंगवलेला कापडाचा तुकडा), ट्रिम्स (बटणं, झिप, लेबलं), शिपमेंटची तारीख. रिटेलमधली ठरवते काय घ्यायचं, किती, कुठल्या भावात आणि कुठल्या दुकानाला. तिसरी व्हिज्युअल मर्चंडायझर, तिचं काम दुकानातली मांडणी. माहितीपत्रकं तिन्ही एका पानात कोंबतात.

म्हणून फोटो सोडा आणि सेमिस्टरवार अभ्यासक्रम मागा. त्यात टेक्स्टाइल सायन्स, कॉस्टिंग, रिटेलचं गणित, असॉर्टमेंट प्लॅनिंग (कुठल्या दुकानात कुठले प्रकार, रंग, साइज किती ठेवायचे) हे विषय पाहिजेत. इंटर्नशिप किती आठवड्यांची आणि ती बायिंगच्या टेबलावर की फक्त दुकानात घड्या घालायला, हे स्पष्ट विचारा. टाळाटाळ झाली तर समजून जा.

सयाजीराव विद्यापीठाच्या फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेसमध्ये क्लोदिंग अँड टेक्स्टाइल्स विभाग आहे, कापडाचा पाया पक्का करायचा तर तिकडे चौकशी करा. नाहीतर सरळ बीकॉम किंवा बीबीए करून निफ्टचा (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी) २ वर्षांचा मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट; त्याला कुठल्याही शाखेची पदवी चालते. कॉमर्सवालीला हा दुसरा रस्ता जास्त सोयीचा, असं माझं मत.

हिशेबी:
ताणाबाणा म्हणतात ते खरं, हा गणिताचा धंदा आहे. नमुना देतो.

कुर्त्याची एमआरपी १,०५०. त्यात ५% जीएसटी, म्हणजे दुकानाचे १,०००. खरेदी ४००. मार्जिन ६००, म्हणजे ६०%. मार्कअप मात्र १५०%, कारण तो खरेदीवर मोजतात. नवीन मुलं हे दोन हमखास एकमेकांत घालतात. आता ४०% सूट द्या: गिऱ्हाईक ६३० देतं, कर काढून ६००, हातात २००. सूट ४०%, पण रुपयांतला नफा दोन-तृतीयांश गेला.

करातली एक खोच बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची करपूर्व किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५%, वर १८%. ५% ने सगळ्यात मोठं बिल २,६२५ चं होतं आणि १८% ची सुरुवातच २,९५० च्या पुढे. मधली कुठलीच रक्कम हिशेबात बसत नाही. ३,२९९ च्या ड्रेसला १५% सूट लावली की येतात २,८०४, बरोबर त्या खड्ड्यात! किंमत आणि सूट एकत्र ठरवायची ती यासाठी.

पुढची पायरी ओपन टू बाय, म्हणजे अजून किती माल घ्यायला मुभा आहे. महिन्याची अपेक्षित विक्री ६ लाख, सवलतीत जाणारे ५० हजार, महिनाअखेर हवा असलेला स्टॉक ९ लाख, बेरीज साडेपंधरा. त्यातून हातातला ८ लाखांचा स्टॉक आणि ऑर्डर दिलेला साडेचार लाखांचा माल वजा. उरले ३ लाख. पण हे विक्रीच्या भावात! ६०% मार्जिनने खरेदी फक्त १ लाख २० हजारांची. पुरवठादाराला ३ लाखांची ऑर्डर दिली तर दुकानात साडेसात लाखांचा माल येऊन पडतो. गोदामं भरतात ती अशी.

मंगळबाजार:
आपल्या गावाला लागू पडेल असं सांगतो. नवरात्रीची चनियाचोळी. S, M, L, XL प्रत्येकी १५, एकूण ६० नग. दोन आठवड्यांत ३० गेले. सेल-थ्रू, म्हणजे आलेल्या मालातला विकला गेलेला भाग, ५०%, रिपोर्ट बघून सगळे खूश. आता साइज उघडा: M १४, L ११, S ३, XL २. म्हणजे M चा एकच नग उरलाय आणि XL चे १३ लटकताहेत. तो एक गेला की गिऱ्हाईक येतं, M मागतं, परत जातं, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. पुढच्या वर्षी "M चे १५ गेले, १५ मागवू" म्हणाल तर चूक तीच, कारण माल संपल्यावरची मागणी दिसतच नाही. कितव्या दिवशी संपला ते पाहून आकडा वाढवायचा. दसरा उलटला की उरलेल्या नगांतला पैसा वर्षभर अडकून पडतो, हे वेगळं.

दांडियाबाजारकर:
हे कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं. तिची चित्रकला बेताची आहे, अडेल का? आणि सुट्टीत काय शिकावं?

ताणाबाणा:
चित्रकलेवाचून अडत नाही. फ्लॅट स्केच (कपड्याचं सपाट रेखाचित्र) आणि स्पेक शीट (मापं-तपशिलांचा तक्ता) वाचता आली की झालं. सुट्टीत एक्सेल: पिव्होट (मोठ्या यादीचा गोषवारा काढणं), व्हीलुकअप (कोडवरून दुसऱ्या यादीतली माहिती आणणं). स्टाइल कोड ००४५१२ असेल तर फाइल उघडताच एक्सेल पुढची शून्यं खातं, ४५१२ उरतो, मग व्हीलुकअप जुळत नाही आणि तासभर कारण सापडत नाही. कोडचा कॉलम आयात करतानाच 'टेक्स्ट' ठेवायचा.

आणि कापड हाताला कळू दे. १० सेंमी बाय १० सेंमीचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर तोलायचा, ग्रॅमला १०० ने गुणलं की जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १.८ ग्रॅम म्हणजे १८०, टी-शर्टचं नेहमीचं कापड. धागा चिमट्यात धरून जाळायचा: सुताला जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात. खाली ताटली ठेवा, मणी गरम असतो.