उत्तर: स्लीव्ह एकाच पाकिटातल्या असल्या तरी

वर एकाने म्हटलंय की पत्त्यांवर चढवायच्या स्लीव्ह (प्लास्टिकची संरक्षक आवरणं) सगळ्या एकाच पाकिटातल्या असतील तर स्पर्धेतला जज, म्हणजे पंच, काही बोलत नाही. रंगापुरतं ठीक, पण 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळात खरा प्रश्न खुणांच्या पॅटर्नचा असतो, म्हणजे स्लीव्हवरच्या खुणांवरून पत्ता पाठीमागूनच ओळखता येतो का याचा. खुणा विखुरलेल्या असतील तर सहसा वॉर्निंग मिळते. पण दुमडलेले कोपरे नेमके लँडवरच (खेळात मॅना, म्हणजे ऊर्जा देणारे पत्ते) असतील तर गेम लॉसपर्यंत, म्हणजे तो डाव हरल्याच्या शिक्षेपर्यंत, जातं, आणि तेही मुद्दाम केलेलं नसताना! एका पाकिटातही कापणीत बारीक फरक असतो. म्हणून रिकाम्या स्लीव्ह आधी पिसून घ्या आणि पत्ते क्रमाने न लावता मिसळून भरा. साइडबोर्डचे (डावांच्या मध्ये बदलायचे राखीव) 15 पत्ते त्याच वेळी भरायचे, नंतर नाही. मुख्य डेकचे 60 अधिक हे 15 धरले तर शंभराच्या पाकिटात 25 उरतात; त्या सोबत ठेवा.