१८१४ च्या इंग्लंडमधलं घरगुती पत्र रंगमंचावर कसं दाखवावं?

नेपथ्य_७

एका एकांकिकेत पंधरा मिनिटांचा प्रवेश आहे. नोव्हेंबर १८१४, विंचेस्टरजवळचं खेडं, पाद्र्याचं घर. पाद्रीणबाई लग्न होऊन लंडनला गेलेल्या थोरल्या मुलीला घरची खबरबात कळवतात: सुनेचं बाळंतपण, धाकट्याचा खोकला, घरखर्च. पत्र प्रेक्षकांसमोरच लिहून, बंद करून मोलकरणीच्या हाती द्यायचं आहे.

सध्याच्या खर्ड्यात बाई काडी ओढून मेणबत्ती लावतात, डौलदार पिसाने लिहितात, पत्र पाकिटात घालतात आणि मोलकरणीला टपालाचे पैसे मोजून देतात. तेवढ्यात दुपारच्या चहाला शेजारीण येते. यात काय काय खटकतं? आणि अशा घरात त्या महिन्यात बोलायला विषय कुठले असतील?

दौत_टाक

जवळजवळ सगळंच खटकतं, पण दुरुस्ती सोपी आहे आणि त्यातून प्रवेशाला कामही मिळेल.

आधी पैसे. टपालखर्च सहसा पत्र घेणाऱ्याने द्यायचा. आधी भरता येत असे, पण घरगुती पत्रांत तशी रीत कमी. १८१२ च्या दरांनुसार एका कागदाला १५ मैलांपर्यंत ४ पेन्स, ५० ते ८० मैलांना ८, ८० ते १२० मैलांना ९. विंचेस्टर ते लंडन साठ-पासष्ट मैल, म्हणजे मुलीला ८ पेन्स पडणार. शेतमजुराच्या दिवसाच्या मजुरीचा साधारण तिसरा हिस्सा झाला हा. आत दुसरा कागद असला, अगदी चिठोरं असलं, तरी दुप्पट. एक औंस वजन भरलं की चौपट.

पाकीट नसण्याचं कारण हेच. पाकीट म्हणजे दुसरा कागद, मग ते कोण वापरणार? मोठा ताव मधोमध दुमडून चार पानं करायची. तीन पानं मजकूर. चौथ्या पानावर मधला आडवा पट्टा पत्त्यासाठी कोरा, त्याच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांवर राहिलेलं लिहायचं. घडी अशी: चौथं पान खाली ठेवा. वरची आणि खालची कड वर उचलून दुमडा आणि मध्यावर आणा. लिहिलेले पट्टे आता मागच्या बाजूला आले. मग डावा आणि उजवा तिसरा हिस्सा त्यांच्यावर दुमडून एक टोक दुसऱ्यात खोचा आणि जोडावर मोहोर करा. बाहेर फक्त कोरा पट्टा दिसतो, त्यावर पत्ता. तिसऱ्या पानाच्या कडेला मध्यावर थोडी जागा सोडायला नटीला सांगा. मोहोर फोडताना कागद तिथेच फाटतो आणि लिहिलेले शब्द जातात.

जागा संपली की कागद काटकोनात फिरवून आधीच्या ओळींवरून आडव्या ओळी लिहायच्या. वाचणाऱ्याचे डोळे दुखत, पण ८ पेन्स वाचत. हे रंगमंचावर फार छान दिसेल. मात्र पहिला मजकूर मोकळ्या ओळींत असायला हवा, गिचमिड असेल तर दोन्ही वाचता येत नाहीत.

पीस: हंसाच्या डाव्या पंखातलं बाहेरचं पीस उजव्या हाताला सोयीचं, कारण त्याचा बाक डोळ्यांपासून दूर जातो. दांडीवरचे तंतू बहुतेक खरवडून टाकलेले असतात. डौलदार झुपका सिनेमातला. तिरका लांब छेद, मधे चीर, दोन्ही खांदे निमुळते आणि टोक कठीण पृष्ठभागावर दाबून कापलेलं. लिहिता लिहिता टोक मऊ पडतं, म्हणून मेजावर छोटी सुरी हवीच. पोलादी निबं सर्रास व्हायला अजून दहा-पंधरा वर्षं आहेत.

शाई घरी करत. तेव्हाची एक पाककृती: ४ औंस मायफळ (ओक झाडावरच्या गाठी), २ औंस हिराकस (लोखंडाचा क्षार), दीड औंस डिंक, एक पिंट शिळी कडक बिअर, एक पिंट सौम्य बिअर, थोडी साखर. चुलीच्या कोपऱ्यात १४ दिवस ठेवून रोज दोन-तीनदा हलवायची. लिहिताना फिकी उमटते आणि हवा लागेल तशी काळी होते. डिंक कमी पडला तर कागदावर पसरते, हिराकस जास्त झालं तर कालांतराने कागद खाते.

बंद करायला दोन उपाय. लाख वितळवायला ज्योत लागते आणि नटीचं बोट भाजायची भीती. दुसरा म्हणजे वेफर: पिठाची रंगीत पातळ चकती, ओली करून जोडात ठेवायची आणि वरून दाबायची. मान्यवरांना वेफर लावणं जरा उद्धट समजलं जाई, आई-मुलीत चालतं. मी असतो तर वेफरच घेतला असता.

गारगोटी

काडीबद्दल. घासून पेटणाऱ्या काड्या जॉन वॉकरने स्टॉक्टनला विकायला काढल्या त्या १८२७ मध्ये. १८१४ मध्ये गारगोटी, पोलादी पट्टी आणि डब्यात लिननची जळकी चिंधी. ठिणगी चिंधीवर पाडायची, फुंकर घालायची, निखारा धरला की गंधक लावलेली काटकी टेकवायची. चिंधी दमट असेल तर पाच मिनिटंही जातात. नोव्हेंबरमध्ये बैठकीत शेकोटी पेटलेली असणारच, तिथून कागदाची सुरळी पेटवून मेणबत्ती लावणं जास्त खरं आणि रंगमंचावर सोपं.

मेणबत्ती रोजच्या कामाला चरबीची. तेव्हाच्या वातीला आताचा वेणीचा पीळ नव्हता, त्यामुळे वात स्वतः जळून जात नसे. दर थोड्या वेळाने खास कात्रीने काजळी खुडावी लागे. विसरलं की वात वाकते, एका बाजूची चरबी वितळून ओघळते, उजेड पडतो निम्मा आणि वास सुटतो. पत्र लिहिताना बाईंनी दोनदा तरी हात थांबवून काजळी काढावी. मधमाशांच्या मेणाच्या मेणबत्त्यांवर पौंडामागे साडेतीन पेन्स कर होता, चरबीच्यांवर एक पेनी. मेणाची पाहुण्यांसाठी. स्वयंपाकघरात बोरूसारखं गवत सोलून चरबीत बुडवलेली रशलाइट, तिच्यावर कर नाही.

खासदारांचा_शिक्का

दौत_टाक यांच्या टपालाच्या माहितीत एक पळवाट राहिली. पार्लमेंटच्या सदस्याला एक औंसापर्यंतची पत्रं फुकट पाठवता येत, दिवसाला पाठवायची १० आणि घ्यायची १५. नियम कडक होते: पूर्ण पत्ता, ठिकाण आणि तारीख त्याने स्वतःच्या हाताने लिहायची, वर सही, आणि त्या दिवशी तो टपाल टाकायच्या गावापासून २० मैलांच्या आत हवा. तारीख चुकली तर पूर्ण आकार लागे. त्यामुळे ओळखीचा सदस्य जेवायला येणार असला की घरातली मंडळी पत्ता न लिहिता पत्रं तयार ठेवत. ही सवलत जानेवारी १८४० मध्ये बंद झाली.

शेजारीण आणायचीच असेल तर ती अशी ओळख घेऊन येऊ द्या. बाईंनी घाईघाईने पत्ता आधीच लिहून टाकलेला असला की गंमत.

किल्ल्यांचा_जुडगा

आता घर. दुपारचा चहा काढून टाका, ती पद्धत १८४० च्या सुमारास रुळली. गावातलं मुख्य जेवण तीन ते पाचच्या दरम्यान, लंडनच्या श्रीमंतांकडे सहा-सातला, आणि चहा जेवणानंतर तासाभराने. म्हणजे शेजारीण चहाला आली तर बाहेर काळोख आहे, दिवे लागलेत. जेवणाच्या वेळेवरून गाव विरुद्ध लंडन असा टोमणाही मारता येईल.

चहावर तेव्हा किमतीच्या ९६ टक्के जकात. म्हणून चहाची पेटी कुलुपात आणि किल्ली बाईंच्या कमरेला. साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत येई, ती चिमट्यासारख्या अडकित्त्याने तोडत. मोलकरणीला चहाची पेटी उघडायला लावू नका.

नोव्हेंबर म्हणजे डुक्कर मारायचा मोसम. मांड्यांना मीठ, सोरा आणि जाडी साखर चोळून तीन-चार आठवडे रोज उलटायच्या, मग धुरात टांगायच्या. हवा उबदार राहिली तर हाडाजवळ मांस नासतं आणि मीठ वाया जातं. मिठावर बुशेलला (तेव्हाचं एक माप) १५ शिलिंग (शिलिंग म्हणजे १२ पेन्स) कर होता, तेव्हा हे नुकसान लहान नाही. मुलीला हॅमची करंडी गाडीवानाबरोबर धाडायची आणि करंडीत गुपचूप चिठ्ठी सरकवायची, हे बेकायदा पण घरोघरी चाले.

धुणं हा मोठा विषय आहे. रोज धुणं नसे. महिन्या-पाच आठवड्यांनी एकदा मोठं धुणं, बाहेरची धोबीण दोन दिवस येणार. आदल्या रात्री कपडे वेगळे काढून राखेच्या पाण्यात भिजत, पहाटे तांब्याच्या हंड्याखाली जाळ, साबण चोळून धुणं, पांढऱ्याची उकळ, खळबळणं, शेवटच्या पाण्यात नीळ, मग पिळून कुंपणावर वाळत. नंतर खळ आणि इस्त्री. रंगीत छापील कापड गरम पाण्यात गेलं की रंग उतरतो, म्हणून ते कोंड्याच्या कोमट पाण्यात वेगळं. साबणावरही कर. आणि इंग्लंडचा नोव्हेंबर: दोन दिवस पाऊस लागला तर चादरी घरभर टांगलेल्या, जेवायला थंड मांस, सगळ्यांची डोकी तापलेली. ज्याच्याकडे सदऱ्यांची डझनं जास्त त्याचं धुणं लांबणीवर पडू शकतं, म्हणून वारंवार धुणं निघणं थोडं गरिबीचं लक्षण मानत.

पैशाचं बोलायचं तर चार तिमाही दिवस लक्षात ठेवा: २५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर, २५ डिसेंबर. पगार आणि दुकानदारांची बिलं त्या हिशेबाने. आयकर पौंडाला २ शिलिंग, तो १८१६ पर्यंत चालला. खिडक्यांवर कर. पुरुष नोकरावर कर होता, मोलकरणीवरचा १७९२ मध्ये उठला होता, म्हणून घरात बायकाच जास्त. पाद्र्याची मोठी चिंता धान्याचा भाव: १८१३ मध्ये गहू क्वार्टरला (धान्याचं मोठं माप) सरासरी ११० शिलिंगांच्या आसपास, १८१४ मध्ये ७५ च्या आत. शेतकरी पाद्र्याला धान्याचा दशांश द्यायला कुरकुरणार. ही एक ओळ पत्रात टाकली की साल कळतं, तारीख सांगावी लागत नाही.

सुईणबाई

सुनेच्या बाळंतपणाची बातमी बाळाची आई नाही, बहुधा बाळाचा बाप किंवा घरातली दुसरी बाई लिहिते. क्रम ठरलेला: बाळंतीण सुखरूप आहे, मुलगा की मुलगी, किती वाजता, कुणावर गेलंय. महिनाभर बाळंतिणीने खोलीत राहायचं, महिन्याची दाई सोबतीला, भेटायला येणाऱ्यांना कॉडल: ओटच्या पातळ पेजेत वाईन किंवा एल (एक प्रकारची बिअर), साखर, मसाला. महिन्याने चर्चमध्ये आभाराचा विधी, तोपर्यंत ती कुणाकडे जात नाही. बाळ अशक्त असेल तर पाद्री घरीच पाणी घालून नाव ठेवतो, चर्चचा विधी मागाहून. मुलाला दोन गॉडफादर, एक गॉडमदर, मुलीला उलट. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या नोंदी छापील रकान्यांत, बापाच्या व्यवसायासह, आणि त्या भरायचं काम याच घरातल्या पाद्र्याचं.

धाकट्याच्या खोकल्याला अपोथेकरी (औषधं बनवून देणारा वैद्य) येणार, विद्यापीठात शिकलेला फिजिशियन नाही. जळवा, छातीवर फोड उठवणारी पट्टी, बार्लीचं पाणी.

एक मानाची गोष्ट. थोरली लग्न होऊन गेल्यावर दुसरी मुलगी 'मिस' अधिक आडनाव होते. आत्तापर्यंत ती 'मिस' अधिक नाव होती. शेजारणीने हे बरोबर बोलावं. आणि सुनेला बाई पत्रात मुलीची 'सिस्टर' म्हणतील.

घरात मृत्यू झाला असेल तरच काळी लाख. घेणाऱ्याला घडी उघडायच्या आधीच कळतं, म्हणून चुकून काळा वेफर मेजावर ठेवू नका.

नेपथ्य_७

खूप उपयोगी. एक शेवटचं: बाई मुलीला पत्रातून ५ पौंडांची नोट पाठवतात असं आहे. ते चालेल?

दौत_टाक

नोट चालेल, अख्खी नाही. टपालगाडीवर दरोडे पडत, पत्रं वाटेत फुटत. नोट मधोमध कापायची, पहिला अर्धा भाग या पत्रात, मिळाल्याची पोच आली की दुसरा पुढच्या पत्रात. मुलगी दोन्ही भाग चिकटवून वापरेल. पण अर्धी नोट म्हणजे आत दुसरा कागद, दर दुप्पट: दोन्ही खेपांना १६ पेन्स, एकूण २ शिलिंग ८ पेन्स, तेही मुलीच्या खिशातून. इथे बाईंनी टपाल आधी भरायला मोलकरणीकडे पैसे दिले तर तुमचा मूळचा प्रसंग बसतो. विंचेस्टरचा कारकून मग पत्त्याच्या बाजूला आकडा लाल शाईने लिहील. न भरलेल्या पत्रावर तो काळ्या शाईत असतो.