मदत हवी आहे: मराठी शाळेसाठी दोन भाषांचं चित्रपुस्तक

नमस्कार मंडळी. आमच्या ऑस्टिनच्या मराठी शाळेतल्या सात-आठ वर्षांच्या मुलांकडून एक मराठी-इंग्रजी चित्रपुस्तक करून घ्यायचंय. नमुना म्हणून डोळ्यांसमोर मेक्सिकन-अमेरिकन चित्रकार कार्मेन लोमास गार्झा आहेत. जन्म १९४८, गाव इथलंच, दक्षिण टेक्सासमधलं किंग्जव्हिल. त्यांच्या 'फॅमिली पिक्चर्स' या १९९० च्या पुस्तकात चित्रांसोबत मजकूर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत आहे.

त्यातलं तमाले (मक्याच्या पिठात सारण भरून, मक्याच्या पानात गुंडाळून उकडलेला मेक्सिकन पदार्थ) करण्याचं चित्र जरूर बघा. अख्खं घर स्वयंपाकघरात! निळ्या कपड्यांतले आजोबा, मक्याची वाळकी पानं भिजवणाऱ्या मुली, पानांवर पीठ थापणारी आई, आणि गुंडाळलेले तमाले ओळीने मांडणारी आजी. आपल्याकडची दिवाळीच्या फराळाची गडबडच म्हणा ना. म्हणून मुलांना करंज्यांचा घाट काढायला सांगणार आहे.

गाडी अडलीये मांडणीवर. एकाच पानावर देवनागरी आणि रोमन दोन्ही घेतलं की एक लिपी मोठी, दुसरी बारीक दिसते. अक्षरांचा आकार कसा जुळवता? मराठी वर घ्यावं की शेजारी? फुकट मिळणारा, जोडाक्षरं न तोडणारा फाँट कोणता?

शिवाय गार्झांच्या 'मॅजिक विंडोज' या पुस्तकात (याच्या चित्रांना २००० सालचा पुरा बेलप्रे, म्हणजे लॅटिनो बालसाहित्यासाठीचा अमेरिकन पुरस्कार मिळाला) पापेल पिकादो, म्हणजे कागद कातरून केलेली नक्षी आहे. तसं मुखपृष्ठ करायचंय. पताका, कंदील करणाऱ्यांनो, लहान मुलांच्या कात्रीला कुठला कागद बरा? घोटीव पटकन फाटतो.