फिफ्थ व्हील ट्रेलर आता मला चालवायचा आहे: उजवं वळण आणि रिव्हर्स, मदत हवी

फलटणची_लेक:

नमस्कार मंडळी. मी टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहते, वय ५४. सहा वर्षांपासून आमच्याकडे ३४ फुटी फिफ्थ व्हील ट्रेलर आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: हे चाकांवरचं घर गाडीच्या बंपरमागे लावत नाहीत. पिकअपच्या हौद्यात हिच, म्हणजे जोडणीचा सांगाडा, बसवलेला असतो, ट्रेलरच्या पुढच्या टोकाखालची दोन इंच जाडीची खुंटी, म्हणजे किंगपिन, त्याच्या जबड्यात अडकते आणि ट्रेलरचं साधारण पाचव्या हिश्शाइतकं वजन पिकअपच्या मागच्या ॲक्सलवर येतं.

आजवर हे चालवायचे. मी शेजारी बसून नकाशा आणि थर्मास सांभाळायचे. यंदा मार्चमध्ये ह्यांचा काचबिंदू पुढे गेल्याचं कळलं. समोरचं स्वच्छ दिसतं, पण बाजूची नजर गेली आहे. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. "विकून टाकू," असं हे एकदाच म्हणाले आणि दोन दिवस गप्प होते. मला ट्रेलर विकायचा नाही. सप्टेंबरअखेर मुलीकडे कोलोरॅडो स्प्रिंग्जला जायचंय. अमॅरिलो, क्लेटन, रॅटन, दरवर्षीचाच रस्ता. या वेळी स्टेअरिंगवर मी असेन.

कागदपत्रांचं बघून झालंय. आमच्या पिकअपची आणि ट्रेलरची कमाल वजनं मिळून २६,००१ पौंडांच्या खाली आहेत, त्यामुळे टेक्सासच्या नियमाने माझं साधं क्लास सी लायसन्स चालतं. सरळ रस्त्याचीही भीती नाही, ह्यांना शेजारी बसवून तीन वेळा चाळीसेक मैल चालवून आणलाय.

अडलंय ते वळणाशी आणि रिव्हर्सशी.

गेल्या महिन्यात एका पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना उजवीकडे वळले. पिकअप छान निघाली, समोर रस्ता मोकळा, म्हणून मी पुढेच बघत राहिले. मागून पत्रा चिरत गेल्यासारखा लांबलचक आवाज आला. उतरून पाहिलं तर पंपाजवळचा पिवळा खांब ट्रेलरच्या उजव्या कुशीत, चाकांच्या जरा पुढे रुतला होता. हातभर चीर पडली होती आणि तिच्या कडेला पिवळा रंग लागला होता. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. माझे हात इतके थरथरत होते की दार उघडेना. ह्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्या गाड्यांना थांबवलं, मला म्हणाले, "घाई कुणाला आहे?" आणि आम्ही इंच इंच करत बाहेर आलो.

रिव्हर्सचं वेगळंच. वडिलांचा ऊस होता, सोळाव्या वर्षी मी ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घ्यायचे. वाटलं होतं हात विसरले नसतील. पण ट्रॉली लगेच ऐकायची. इथे स्टेअरिंग फिरवलं तरी आधी काहीच होत नाही, म्हणून मी आणखी फिरवते, आणि मग एकदम पिकअप आणि ट्रेलर कात्रीसारखे दुमडायला लागतात. रविवारी एका रिकाम्या पार्किंगमध्ये शंकू लावून सराव करते. पाचातून दोनदा जमतं.

वळताना नक्की कुठे बघायचं? रिव्हर्सची ही उशिराची सवय हाताला कशी लावायची? आणि रॅटनचा घाट, त्याबद्दलही कुणी अनुभवाचं सांगितलं तर फार बरं होईल.

लांबपल्ला:

ताई, मी कॅनडात, अल्बर्टात ११ वर्षं ट्रेलर ओढतोय, माझा तर ५३ फुटी असतो. खांब लागला त्यात तुमच्या हाताचा दोष नाही, नजर पुढे राहिली म्हणून लागला. ट्रेलरची चाकं किंगपिनपासून लांब मागे असतात, ती पिकअपच्या वाटेने येतच नाहीत, कोपरा कापून आतून येतात. म्हणून उजव्या वळणाला सरळ पुढे जात राहा, इतकं की आता उशीर झाला असं वाटेल. मग वळा, आणि वळण संपेपर्यंत उजव्या आरशातलं ट्रेलरचं चाक सोडू नका. चाक कोपऱ्याच्या बाहेरून जातंय एवढंच बघायचं. जागा मिळावी म्हणून आधी डावीकडे झोकू नका, उजव्या फटीत हमखास एखादी छोटी गाडी शिरते. जास्तीची जागा ज्या रस्त्यात शिरताय तिथे घ्या.

दुसरी बाजूही बघा. चाकांच्या मागे ट्रेलरचा जो भाग उरतो तो जोरात वळताना उलट दिशेला बाहेर फिरतो. पंपावरून निघताना शेजारचं मशीन त्यानेच पडतं. शक्यतो मोठ्या ट्रकच्या रांगेतच डिझेल भरा.

रॅटनचा घाट ७,८३४ फुटांवर आहे, चढ बिनघोर चढाल. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाद गावाकडे उतरताना मात्र उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करून खालचा गिअर घ्या, टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) आणि एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्या जोरावर वेग रोखणारा) लावा. पेडलवर पाय ठेवून बसू नका, ब्रेक तापले की धरत नाहीत. वेग वाढला तर एकदा ठाम दाबून दहाएक मैलांनी खाली आणायचा आणि पाय काढायचा. मला विचाराल तर घाटापेक्षा अमॅरिलोच्या आसपासचं आडवं वारं जास्त वाईट. तिथे घड्याळ बघू नका, वारं वाढलं तर मुक्काम करा. आणि ताशी ७५ मैलांची पाटी आपल्यासाठी नाही. ट्रेलरच्या बऱ्याच टायरची मर्यादाच ६५ असते, तुम्ही साठ धरा.

संग्राम_वाळवा:

ताई, अमेरिकेतलं मला काही माहीत नाही, पण ट्रॉलीचं सांगतो. ट्रॅक्टरचा हूक मागच्या चाकांच्या मागे असतो. स्टेअरिंग जरा हललं की हूक बाजूला झटका देतो, म्हणून ट्रॉली लगेच ऐकते. तुमची पिन चाकांच्या डोक्यावरच आहे, तिथे झटका बसतच नाही, गाडी तिरकी होईल तसतसा ट्रेलर फिरणार. शिवाय ट्रॉली आखूड, तुमचा लांब. तेव्हा पाव फेरा द्या आणि थांबा. मनात चार आकडे मोजा. ट्रेलर फिरायला लागला की लगेच स्टेअरिंग उलटं घेऊन त्याच्या मागे जायचं, नाहीतर दुमडलाच. आमच्याकडे नवीन पोराला हेच शिकवतो, हात कमी चालव.

ॲरिझोनाची_माई:

मीही पन्नाशीनंतर शिकले, म्हणून लिहायचं राहवलं नाही. हात स्टेअरिंगच्या तळाशी धर, म्हणजे ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं तिकडेच हात न्यायचा, उलटसुलट विचार करावा लागत नाही. कॅम्पग्राउंडवर जागा नेहमी ड्रायव्हरच्या बाजूची माग, मागे घेताना डावीकडे वळलीस की खिडकीतून सगळी कुशी दिसते, उजवीकडे आंधळं असतं. बिनसलं की पुढे घेऊन सरळ कर, दहा वेळा घे. आणि उतरून बघ. दर वेळी उतर.

ह्यांना मागे उभं करशील तर बाजूची नजर नाही हे विसरू नकोस. ते तुला डाव्या आरशात दिसतील अशाच जागी उभे राहिले पाहिजेत, फोन स्पीकरवर ठेवा. आरशातून दिसेनासे झाले की ब्रेक, तिथल्या तिथे.

जोडतानाची एक गोष्ट कधी चुकवू नकोस. टॉर्च मारून जबडा पिनभोवती मिटलाय का बघ. मग ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीला जेमतेम टेकलेले असताना, चाकांना अडण्या लावलेल्या असतानाच, ट्रेलरचा ब्रेक हाताने दाबून पिकअप हळूच पुढे ओढ. सुटायचाच असेल तर तिथे पायांवर सुटेल, हौद्याच्या कडांवर आपटणार नाही.

फलटणची_लेक:

तिघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी पुन्हा पार्किंगमध्ये गेलो. संग्राम, चार आकडे मी मोठ्याने मोजले. माई, हात तळाशी ठेवला. पहिल्या दोन वेळा गेला नाही. तिसऱ्या वेळी पाव फेरा दिला, एक, दोन, तीन, चार, आणि ट्रेलरचं बूड सावकाश शंकूंच्या मधे वळायला लागलं. हे डाव्या आरशात उभे होते, फोनवर म्हणाले, "येऊ दे." त्यानंतर पाचातून चार वेळा जमलं.

पुढच्या रविवारी रुंद चौक बघून फक्त उजवी वळणं घेणार आहे. लांबपल्ला, तुम्ही म्हणता तसं सरळ पुढे जात राहायचं, पण रस्ता अरुंद असेल आणि शिरतोय तिथे समोरून लाल दिव्याला गाडी उभी असेल, तर तुम्ही थांबून राहता की पुढच्या चौकापर्यंत जाता?

लांबपल्ला:

थांबतो. त्याचा दिवा हिरवा होऊन तो निघून जातो, मग मी वळतो. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्यायचे. आणि आधीच अरुंद दिसत असेल तर वळतच नाही, तीन चौक पुढे जाऊन फिरून येतो. निघायच्या आदल्या दिवशी टायरची हवा बघा, थंड असताना. पोहोचलात की इथे कळवा.