फ्लॉपी ड्राइव्ह मेला तरी फाइली निघतील

दादा, जुन्या लॅपटॉपचा फ्लॉपी ड्राइव्ह गेलाय म्हणून आतल्या फाइली काढायला हार्डडिस्क उपसून काढायची घाई नका करू. डॉस ६ (मायक्रोसॉफ्टची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) असेल तर इंटरलिंक नि इंटरसर्व्हर हे केबलने फाइली हलवायचे प्रोग्राम त्यातच आहेत, दोन्ही मशीन केबलने जोडायची, लॅपटॉपवर इंटरसर्व्हर चालू करायचा आणि डेस्कटॉप डॉसमध्ये बूट करून त्याच्या कॉन्फिग.सिसमध्ये (डॉस सुरू होताना वाचते ती सेटिंगची फाइल) इंटरलिंकची ओळ टाकायची, की लॅपटॉपची सी ड्राइव्ह इकडे ई नाहीतर एफ म्हणून दिसते, मग साधं कॉपी. लॅपटॉपवर ते प्रोग्रामच नसतील तर डेस्कटॉपवरून इंटरसर्व्हरचा आरकॉपी स्विच (आदेशामागे जोडायचा पर्याय) वापरून केबलमधूनच ढकलता येतात, पण तिथे ७ तारांची नल मोडेम केबल (दोन कॉम्प्युटर थेट जोडायची सिरियल केबल) लागते, दुकानदार साधी सरळ सिरियल केबल गळ्यात मारतो ती चालायची नाय. आतमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट जोडलेल्या हव्यात.

वेग विचाराल तर सिरियल केबलवर ११५२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) सेकंदाला फार तर ११ केबी, म्हणजे एक एमबीला दीड मिनिट धरा. घाई असेल तर पॅरलल केबल (प्रिंटरच्या पोर्टात लागते ती).

आणि तुम्ही मालवणातले, तेव्हा आधी पोर्टात टॉर्च मारून बघा, खाऱ्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि जुना टूथब्रश घेऊन घासा. पावसात लाईटचा भरवसा नाय नि लॅपटॉपची बॅटरी तर मेलेलीच असणार, डेस्कटॉपसोबत लॅपटॉपचा अडॅप्टरपण यूपीएसवरच लावा.