आधी कुठला पाहिलात? हॉलिवूडचे रिमेक आणि आपले अनुभव

परवा जेवताना घरात वाद झाला. मुलगा म्हणाला, 'द डिपार्टेड' म्हणजे स्कॉर्सेसीचा बाप सिनेमा. मी म्हटलं, अरे, गोष्ट मुळात हाँगकाँगची आहे. त्याने पोळी मोडायची थांबवली आणि मीच काहीतरी चोरून आणल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. म्हणून हा धागा. मूळ सिनेमा आणि त्याचा हॉलिवूडी अवतार दोन्ही पाहिले असतील तर लिहा. आधी कुठला पाहिलात ते मात्र सांगाच. मला दाट संशय आहे की जो आधी पाहिला तोच आपल्याला अस्सल वाटतो. आणि हो, इथे शेवट फुटणार आहेत. ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं.

सुरुवात माझ्यापासून. 'स्पूरलोस', 1988 सालचा डच सिनेमा. दादरला एका फिल्म सोसायटीच्या खेळाला पाहिला. पाठ मोडणाऱ्या खुर्च्या, डोक्यावर पंख्याची घरघर. फ्रान्समध्ये सुट्टीला निघालेलं एक जोडपं पेट्रोल पंपावर थांबतं. ती प्यायला काहीतरी आणायला आत जाते, ती गेलीच. तो तीन वर्षं शोधतो. मग पळवणारा माणूस आपणहून समोर येतो. केमिस्ट्रीचा मास्तर, बायको-मुलींचा चारचौघांसारखा संसार. म्हणतो, तिचं काय झालं ते कळायला हवं ना? मग ही कॉफी पी. आणि हा पितो! शुद्धीवर येऊन लायटर पेटवतो तेव्हा तो पेटीत असतो, वर माती. दिवे लागले तरी आम्ही कोणी उठेना. बाहेर टपरीवर मित्राने चहा मागवला आणि नुसता ग्लासाकडे बघत बसला.

1993 साली हॉलिवूडने हाच सिनेमा त्याच दिग्दर्शकाकडून, जॉर्ज स्लाउझरकडूनच करून घेतला. जेफ ब्रिजेस, कीफर सदरलँड, हरवणारी सँड्रा बुलक. पेटीपर्यंत सगळं येतं आणि मग नायकाची नवी मैत्रीण येते, मारामारी होते, नायक मातीतून बाहेर, मास्तर खलास. ज्याने तो शेवट रचला त्यानेच तो पुसला. दुसऱ्या कोणी केलं असतं तर एवढा राग आला नसता.

*

रत्नागिरीहून लिहितेय. माझं उलट झालं. 'द रिंग' (2002) आधी पाहिला, मूळचा जपानी 'रिंगू' (1998) खूप नंतर. एक व्हिडिओ टेप पाहिली की सात दिवसांत मरण, आणि विहिरीतली मुलगी टीव्हीतून बाहेर येते, अशी ती गोष्ट. आमच्या मागच्या दारी विहीर, त्यात आतेभावाने सीडी आणली मे महिन्यात, दिवे जायच्या दिवसांत. पुढचे सात दिवस तिन्हीसांजेनंतर मी रहाटाला हात लावला नाही, आईच्या शिव्या खाल्ल्या. 'रिंगू' पाहिला तेव्हा टीव्हीतून काय बाहेर येणार ते ठाऊकच होतं, मग कसली भीती! पण तो चांगला आहे, कमी बोलतो. तरी हॉलिवूडचा तो हिरवट, पावसाळी रंग आणि फेरीबोटीवर बिथरलेला घोडा मला जास्त आवडतो. घोडा मूळ सिनेमात नाही. त्यांनी स्वतःचं काही घातलंय, नुसती नक्कल नाही. तेव्हा धागाकर्त्याचा संशय माझ्यापुरता खरा.

*

धागाकर्त्याच्या मुलाच्या बाजूने बोलायला आलो होतो, पण जमेना.

'डिपार्टेड' हॉस्टेलवर पाहिला, 'इन्फर्नल अफेअर्स' (2002) नोकरी लागल्यावर. पोलिसांचा माणूस टोळीत आणि टोळीचा माणूस पोलिसांत, हे दोन्हीकडे तेच. स्कॉर्सेसीने ते बॉस्टनच्या आयरिश वस्तीत नेलं आणि पक्कं रुजवलं. शिव्यासुद्धा तिथल्या वाटतात. चार ऑस्करं उगाच नाही मिळाली. पण हाँगकाँगवाला शंभर मिनिटांत जे करतो त्याला याला अडीच तास लागतात. मूळ सिनेमात सुरुवातीलाच एक हाय-फायचं दुकान आहे. हे दोघे एकमेकांना न ओळखता शेजारी बसून एक जुनं गाणं ऐकतात. बास, काहीच घडत नाही. पुढे त्यांचं काय होणार हे कळल्यावर तो प्रसंग परत पाहा.

आणि शेवट. मूळ चिनी नावातच बौद्धांचा अवीची नरक आहे, जिथे यातना थांबत नाहीत. म्हणून टोळीचा माणूस जगतो, वर्दी घालून खऱ्या पोलिसाच्या अंत्ययात्रेत सलाम ठोकतो. जगणं हीच त्याची शिक्षा. 'डिपार्टेड'मध्ये त्याला गोळी घालतात. सुटला की तो! वर कठड्यावरून उंदीर पळतो, म्हणजे आम्हाला कळलं नसेल तर. गंमत अशी की चीनच्या मुख्य भूमीसाठी वेगळा शेवट केला होता, त्यात त्याला अटक होते. म्हणजे शेवट बदलण्याचा मक्ता काही एकट्या हॉलिवूडचा नाही.

*

'ओल्डबॉय'चा रिमेक. स्पाइक ली, 2013. माझा शुक्रवार गेला. एवढंच.

*

चिंचवड. आमचे सासरे, नाना, सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे 'अ मॅन कॉल्ड ओव्ह' हा स्वीडिश सिनेमा पाहताना नवरा आणि मी एकमेकांकडे बघतसुद्धा नव्हतो. ओव्ह रोज सकाळी फेरी मारतो, फाटक ओढून बघतो, चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचा नंबर टिपून घेतो. नाना! साब गाडी घेणारा ओव्ह आणि व्होल्वो घेणारा शेजारी यांची मैत्री गाड्यांपायी फाटते. आमच्याकडे बजाज आणि लॅम्ब्रेटावरून चुलत घराण्याशी असंच झालंय, अजून लग्नात वेगळ्या पंगतीला बसतात.

'अ मॅन कॉल्ड ओटो'मध्ये साब-व्होल्वोच्या जागी शेव्हरोले-फोर्ड आले, शेजारची इराणी बाई मेक्सिकन झाली, आणि ते चपखल बसलंय. गडबड टॉम हँक्सची आहे. तो कितीही खेकसला तरी आतून गोड आहे हे आपल्याला तिकीट काढतानाच माहीत असतं. स्वीडनचा रोल्फ लासगोर्ड खरंच अंगावर येईल असं वाटतं. नानांना मात्र ओटोच पसंत. कारण विचारलं तर म्हणाले, "तुमच्या त्या ओव्हला चष्मा लावून वाचत बसावं लागतं."

*

हॉलिवूड नाही, पण राहवत नाही. आम्ही करमाळ्याकडचे. 'सैराट'चा 'धडक' झाला, उदयपूरला गेला, जात पुसट झाली. ती रक्ताळलेली बाळपावलंही गेली. डच लोकांना काय वाटलं असेल ते आम्हाला विचारा.

*

माझे आई-बाबा दोघेही कर्णबधिर, मला ऐकू येतं. बँकेत, दवाखान्यात मीच त्यांची दुभाषी, सात-आठ वर्षांची असल्यापासून. त्यामुळे 'कोडा' (2021) आणि तो ज्यावरून केला तो फ्रेंच सिनेमा (2014), दोन्ही आम्ही तिघांनी मिळून पाहिले, फ्रेंच आधी. डॉक्टरांसमोर आई-वडिलांचं नको ते दुखणं मुलीला सांगावं लागतं, तो प्रसंग दोन्हीकडे आहे. आई लाजून स्वयंपाकघरात गेली.

फ्रेंच सिनेमात आई-वडिलांची कामं ऐकू येणाऱ्या नटांनी केली आहेत. बाबांना ना फ्रेंच खुणा येतात ना अमेरिकन, पण थोडा वेळ पाहून त्यांनी मला खुणेने सांगितलं, हे पाठ करून आलेत. 'कोडा'त वडील ट्रॉय कॉट्सर, आई मार्ली मॅटलिन, सगळे कर्णबधिर नट. शेताच्या जागी मासेमारीची बोट आली. बाबा पुढे सरकून बसले. नट मुलीवर चिडला की हे हसायचे, माझ्याकडे बोट दाखवून.

मार्च 2022, सोमवारी सकाळी कॉट्सरला ऑस्कर मिळालं. सभागृहातले लोक टाळ्या न वाजवता हात वर करून पंजे हलवत होते. बाबांनी चहाचा कप फरशीवर ठेवला आणि दोन्ही हात वर केले.